बाई मध्ये बसेना

"सीटला कोणी हात लावलाय?"

मोजणीदाराने हा प्रश्न दारातूनच विचारला, बूट पायात असतानाच. घरात माणसं दोनच होती. बायको शिलाई मशीनवर पडद्याची कड दुमडत होती, तिने मान वर केली नाही. त्याचे वडील खिडकीची काच पुसत होते, ते तोच कोपरा आणखी जोरात पुसायला लागले.

"कोणत्या सीटला?" बायकोने विचारलं.

"ड्रायव्हरच्या! दुसऱ्या कुठल्या सीटसाठी मी एवढा घसा कोरडा करेन का? बाई आज परत सरकली. चांगली मधे बसवली होती सोमवारी. आज बघतो तर उजव्या दाराकडे!"

ही बाई कोण, हे सांगून टाकतो, नाहीतर भलतीच शंका यायची. ही गाणारी बाई. मोजणीदाराच्या गाडीत सहा महिने एकच बाई एकच गाणं गात होती. तबला नाही, बासरी नाही, नुसता गळा. आवाज नेमका कुठून येतोय ते कळायला असं मोकळं गाणं बरं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

भानगड अशी होती. गाडीत उजवा स्पीकर ड्रायव्हरच्या गुडघ्याशी आणि डावा पार पलीकडच्या दारात. जवळचा आवाज कानात आधी पोचतो, लांबचा मागून येतो. त्यामुळे गाणारी बाई समोर काचेच्या मधोमध बसायची सोडून उजव्या दाराला चिकटते. तिला मध्ये आणायचं तर टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि जवळच्या स्पीकरला गाणं वाजवणाऱ्या यंत्रातून सांगायचं की बाबा रे, लांबचा येईपर्यंत तू जरा थांब. किती थांब? डोळा मिटून उघडायला लागतो त्याच्याही कितीतरी कमी. पण तेवढ्याने बाई हलते.

मोजणीदाराचं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेलं. कोणाची भिंत कोणाच्या हद्दीत वीतभर घुसली हे सांगणं त्याचं काम. असल्या माणसाच्या हातात हा खेळ पडल्यावर काय होणार? त्याने स्पीकर मोजले, डोकं मोजलं, सीटच्या पाठीचा कोन मोजला आणि घरात फर्मान काढलं. सीट एक खाचही हलली की सगळं गणित बिघडतं, म्हणून ड्रायव्हरच्या सीटला कोणीही हात लावायचा नाही. बायकोकडून तर त्याने शपथच घेतली होती.

तरीही बाई दर चार-आठ दिवसांनी उजवीकडे सरकायची. मग मोजणीदार उजव्या स्पीकरला आणखी थोडं थांबवायचा, बाई मध्ये यायची आणि घरात सगळ्यांची उलटतपासणी व्हायची.

आता खरी गोष्ट. सीट हलत होती. बायकोच हलवत होती.

ती पडदे शिवून विकायची. एका खिडकीचा पडदा स्कूटरवर जातो, पण अख्ख्या हॉस्टेलचे पडदे काय डोक्यावर न्यायचे? नवरा ऑफिसच्या बसने जायचा, गाडी खाली नुसती उभी. नवरा ताडमाड आणि ही त्याच्या खांद्याला कशीबशी लागणारी. सीट पुढे घेतल्याशिवाय पाय ब्रेकपर्यंत पोचत नसे. पण तीही टेपवरच जगणारी बाई होती. कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिने सीटखालच्या रुळावर, नवऱ्याच्या जागेवर, एक बारीक रेघ मारून ठेवली होती. जाताना सीट पुढे घ्यायची, परत आल्यावर बरोबर रेघेवर आणायची. त्यात केसाचाही फरक पडत नाही याची तिला खात्री होती. मग बाई सरकत होती कशी, हे काही तिला समजत नव्हतं. तिला वाटायचं, आपलाच हात चळत असेल.

"हे बघ," मोजणीदार बूट काढत म्हणाला, "रविवारी स्पर्धा आहे. तोपर्यंत त्या सीटवर माशी बसली तरी मला चालणार नाही."

गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानाने ही स्पर्धा ठेवली होती. ज्याच्या गाडीत आवाज सगळ्यात चोख, त्याला कप. मोजणीदाराला जन्मात कशाचंही बक्षीस मिळालेलं नव्हतं. बढतीच्या परीक्षेत तर तो इतक्यांदा आपटला होता की निकालाच्या दिवशी ऑफिसातले लोक त्याला पेढे मागायचेही विसरले होते. म्हणून या कपासाठी त्याने शोकेसमध्ये आत्ताच जागा करून ठेवली होती. तिथे आधी लग्नाचा फोटो होता. तो आता फ्रीजवर, औषधांच्या मागे.

बायकोने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाडीत त्याच्या डाव्या बाजूला बसल्यावर ती नेहमीसारखी पुटपुटली, "त्या कपाशीच लग्न लावा आता. आणि तुमची ही बाई माझ्या मांडीवरून उठवा."

"हं?" मोजणीदार म्हणाला.

"काही नाही. सिग्नल सुटला म्हटलं."

ही तिची सवय. गाडीत बसलं की हळू आवाजात मनातलं सगळं ओकून टाकायचं. नवरा "हं?" करायचा, ही "काही नाही" म्हणायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं, आणि हिचं पोट साफ व्हायचं.

शनिवारी दुपारी मात्र घोळ झाला.

हॉस्टेलवाल्याचा फोन आला. पडदे आजच हवेत, उद्या पाहुणे येतायत. मोजणीदार सहाला यायचा होता. बायकोने सीट पुढे ओढली, गठ्ठे टाकले, वाऱ्यासारखी जाऊन आली. गाडी लावली, मागची रिकामी पोती घेऊन वर गेली. म्हटलं हात धुऊन येते आणि सीट जागेवर नेते. हात धुतले, घोटभर चहा घेतला. तेवढीच काय ती चैन.

खाली येऊन बघते तर गाडीची चारही दारं उघडी. सासरे ड्रायव्हरच्या सीटखाली अर्धे आत, अर्धे बाहेर.

"बाबा! काय करताय?"

"अगं, उद्या स्पर्धा आहे ना त्याची! म्हटलं गाडी लख्ख करून ठेवावी." सासरे धापा टाकत बाहेर आले. हातात फडकं, चेहऱ्यावर परमानंद. "काय घाण होती सीटखाली! रूळ तर विचारूच नकोस. सीट पुढेमागे करून करून पुसला. तेलसुद्धा सोडलं. आता बघ, कशी लोण्यासारखी सरकते!"

त्यांनी एका बोटाने सीट ढकलून दाखवली. सीट सुळकन मागे गेली.

तिने खाली वाकून रूळ पाहिला. आरशासारखा चमकत होता. रेघेचा मागमूस नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. "तिथे पांढरी रेघ होती."

"होती ना! मीच घासून काढली. निघता निघत नव्हती मेली."

तिने मग सगळं सांगून टाकलं. ऐकताना सासऱ्यांच्या हातातलं फडकं हळूहळू खाली आलं.

"म्हणजे इतके दिवस तो मला ओरडत होता ते तुझ्यामुळे?"

"बाबा, ते नंतर. आधी सीट कुठे होती ते सांगा."

"मला काय माहीत? मी आलो तेव्हा पुढे होती."

"ती मी केलेली! मूळची कुठे होती?"

तेवढ्यात फोन वाजला. मोजणीदार. "आज लवकर सुटलो. बसमधेच आहे, पोचतोच. चावी खाली आणून ठेव, एकदा ऐकून घेतो."

सासरे सुनेकडे बघायला लागले, सून सासऱ्यांकडे. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "उंचीला तुम्ही दोघं सारखेच. मी गाणं लावते. बाई मधे आली की सांगा, सीट तिथेच ठेवू."

सासरे बसले. गाणं लागलं. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"आली का मधे?"

"नाही. ती तिकडे आहे. डाव्या दारात."

सीट एक खाच मागे.

"आता?"

"डाव्या दारातच."

दोन खाचा पुढे. चार मागे. पार मागे, पार पुढे. सासऱ्यांचा गुडघा स्टिअरिंगला आपटला, ते कळवळले, पण बाई काही डावं दार सोडेना. सुनेने स्वतः बसून पाहिलं. तिलाही बाई डाव्या दारातच.

"मोडलं," ती म्हणाली. "बाबा, काहीतरी कायमचं मोडलं आपण. आता सीट कुठेही नेली तरी ती येत नाही."

"तेलामुळे असेल का गं?" सासऱ्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"त्यांना काय सांगायचं आता? शोकेस रिकामा करून ठेवलाय त्यांनी!"

मग ती एकदम थांबली. तिला आठवलं, नवऱ्याच्या सगळ्या पँटी आपणच आखूड-लांब करतो. मांडी केवढी, पाय केवढा, हे झोपेतसुद्धा सांगू शकतो. बाई जाऊ दे, निदान सीट तरी जागेवर हवी! ती धावत वर गेली आणि दोरीवरची त्याची पँट ओढून आणली. पँट सीटवर बसवली, गुडघ्यात दुमडली, पाय खाली सोडले, दोन्ही पायांत त्याचे जुने बूट अडकवून ते पेडलवर टेकवले. नवरा गाडी चालवताना गुडघा स्टिअरिंगपासून किती लांब ठेवतो, ते तिने शेजारी बसून हजारदा पाहिलं होतं. तेवढं अंतर येईपर्यंत तिने खालच्या दांडीला धरून सीट सरकवली. सासरे बाहेरून दिशा देत होते, "किंचित मागे... बस, बस!"

समोरच्या घरातली बाई कचरा टाकायला निघाली होती. धड नसलेली पँट गाडी चालवतेय आणि म्हातारा तिला जागा दाखवतोय, हे बघून ती कचऱ्यासकट परत घरात गेली.

"खटक" आवाज आला. सीट लागली. आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, "माझी पँट गाडीत काय करतेय?"

मोजणीदार उभा होता. खांद्याला पिशवी, हातात टेप.

"सुकत घातली," सासरे म्हणाले.

"गाडीत?"

"काच तापते ना," बायको म्हणाली. "लवकर सुकतं."

"बूट घालून?"

"बूटही ओलेच होते," सासरे म्हणाले आणि घाईघाईने बूट उचलून चालते झाले.

मोजणीदाराचं लक्ष पँटीत नव्हतंच. तो सीटवर बसला, पाठ टेकली, डोळे मिटले, गाणं लावलं. बायको बाहेर दाराला धरून उभी.

"सरकलीय," मोजणीदार म्हणाला.

तिने सीटखालच्या दांडीकडे पाहिलं.

"उजवीकडे. पण थोडीच." त्याने यंत्राचं बटण एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. उजवा स्पीकर आणखी थोडा थांबला. मोजणीदाराचा चेहरा उजळत गेला. "बसली! अगदी नाकासमोर. ये, ऐक."

बायकोने खिडकीतून डोकं आत घातलं. बाई डाव्या दाराच्याही पलीकडे गेली होती.

"छान," ती म्हणाली.

रात्रभर तिला एकच कळत नव्हतं. आपल्याला आणि बाबांना जी डावीकडे ऐकू येते, ती यांना नाकासमोर कशी? शेवटी तिने ठरवलं, आपल्याला यातलं कळत नाही. ते मोजणीदार आहेत.

रविवारी दुकानासमोरच्या मैदानात सात-आठ गाड्या उभ्या होत्या. परीक्षक म्हणून दुकानदाराने समोरच्याच इमारतीतल्या कानाच्या डॉक्टरांना आणलं होतं. दुकानदाराचं म्हणणं, त्यांच्याइतकं कानातलं कोणाला कळणार? डॉक्टर एकेका गाडीत बसत, डोळे मिटत, मान डोलवत आणि उतरत.

ते मोजणीदाराच्या गाडीत बसले, तेव्हा बायकोने पर्सचा पट्टा इतका पिळला की त्याची शिवण उसवली. गाणं सुरू झालं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे उघडले, डावीकडे पाहिलं, परत मिटले. गाणं पुरतं न ऐकताच उतरले.

"काय मग साहेब?" मोजणीदाराने विचारलं.

"बाई गातायत सुंदर. पण गाडीत नाहीयेत हो. डाव्या आरशाला लोंबकळतायत."

लोक खो खो हसले. मोजणीदार ओरडला, "शक्यच नाही! टेपने मोजलंय मी!" तो गाडीत बसला, ऐकलं, उतरला. "मधे आहे! चक्क मधे आहे!" मग त्याची नजर सीटखालच्या रुळाकडे गेली. चकचकीत, तेल लावलेला रूळ. त्याने रूळ पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. तिने आभाळाकडे पाहिलं.

डॉक्टर मात्र त्याच्याकडेच बघत होते. ते त्याच्या मागून डाव्या बाजूला गेले, हळूच काहीतरी बोलले. मोजणीदार ढिम्म. पुन्हा बोलले. तरी ढिम्म. बायकोला लांबून दिसत होतं आणि तिचा जीव तीळतीळ तुटत होता. धक्का बसला बिचाऱ्याला, दगड झाला माणूस! मग डॉक्टरांनी त्याचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून त्याला इमारतीत घेऊन गेले.

संपलं, तिला वाटलं. सीट हलवलेली आहे हे त्या डॉक्टरने ओळखलं, आता त्याला बाजूला घेऊन सांगतोय. इकडे कप दुसऱ्याच कोणाला देऊन झाला, फोटो काढून झाले, गाड्याही निघून गेल्या. बऱ्याच वेळाने मोजणीदार परत आला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, दुःख नाही. हे जास्त वाईट. तो गाडीत बसला आणि गाणं न लावता निघाला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

बराच रस्ता मागे पडला. शेवटी तिला राहवेना. मोठ्याने बोलायची तर हिंमत नव्हती. मग तिने खिडकीबाहेर तोंड करून, नेहमीसारखं, अगदी ओठातल्या ओठात सुरुवात केली.

"मीच हलवली सीट. एकदा नाही, दर आठवड्याला. शपथ घेऊन हलवली. काल बाबांनी रेघ पुसली म्हणून पँट बसवायला लागली."

"हं?" आला नाही. तिला जरा मोकळं वाटलं. म्हणून आणखी थोडं.

"आणि तो निळा शर्ट धोब्याने नाही जाळला, मीच जाळला. वन्संनी विणलेला स्वेटर हरवला नाही, भांडेवालीला दिला. आणि ती गाणारी बाई मला पहिल्या दिवसापासून सहन होत नाही."

तरीही "हं?" नाही. सिग्नल लागला. गाडी थांबली.

"कोणता निळा?" मोजणीदाराने विचारलं. "बारीक चौकड्याचा?"

तिने मान वळवली. मोजणीदार समोर बघत होता.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"सगळं. डॉक्टरांनी डाव्या कानातून हा एवढा मळाचा गोळा काढला. शेंगदाण्याएवढा. टेप खिशातच होता, मोजला मी." मोजणीदाराच्या आवाजात किंचित अभिमान होता. "म्हणाले, सहा-आठ महिने साठत असेल. कान हळूहळू बंद होत गेला. म्हणून बाई मला रोज उजवीकडे सरकल्यासारखी वाटायची, आणि मी तिला रोज डावीकडे ढकलत होतो. सीटचा काही संबंध नाही."

"संबंध नाही?"

"तू एवढ्यांदा हलवलीस, मला एकदा तरी कळलं का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पदराबिदराने न पुसता हाताच्या पाठीने पुसलं. मोजणीदाराने हात लांब करून गाणं लावलं. बाईने तोंड उघडलं मात्र, तो दचकून डावीकडे वळला.

"अगं, ही तर तुझ्या मांडीवर बसलीय!"

"सहा महिने तेच सांगतेय मी!"

"मला कुठे ऐकू येत होतं?"

"ऐकू येत नाही हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, नवरे असेच असतात."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दोन्ही कानांनी ऐकल्यामुळे मोजणीदार फार घाबरला आणि गाडी बंद पडली.

घरी गेल्यावर फ्रीजवरचा फोटो परत शोकेसमध्ये आला. सासऱ्यांनी तो पुसून ठेवला. सीट आता ज्याला हवी तिथे न्यायची मुभा आहे. आणि मोजणीदाराने सगळे स्पीकर पहिल्यापासून मोजायला घेतले.

फक्त एक बदल झाला. बायको आता पुढे बसत नाही. "पाय लांब करायला बरं पडतं," असं सांगून ती मागच्या सीटवर बसते, तेही डाव्या कोपऱ्यात, आणि खिडकीकडे तोंड करून तासन् तास ओठ हलवत असते. मागून पुटपुटलेलं पुढच्या कानात पोचायला किती वेळ लागतो, ते मोजणीदाराने अजून मोजलेलं नाही.

पण परवापासून टेप त्याने डॅशबोर्डवर काढून ठेवलाय.